दाराचं कुलूप आणि कमरेचं पिस्तूल

पत्र:

काकू, नमस्कार.

टेक्ससमध्ये सॅन अँटोनियोपासून तासाभरावर असलेल्या एका लहान गावात मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गात बावीस मुलं आहेत. गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर प्रिन्सिपलनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं. प्रत्येक शाळेत सशस्त्र पोलीस ठेवणं आमच्या डिस्ट्रिक्टला, म्हणजे इथल्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेला, परवडत नाही, म्हणून तिच्या बोर्डाने 'गार्डियन' नेमायचं ठरवलंय. परवाना असलेल्या काही शिक्षकांनी कपड्यांखाली पिस्तूल बाळगायचं. ते कोण, हे सहकाऱ्यांनासुद्धा सांगायचं नाही. मी शांत डोक्याची आहे म्हणून त्यांनी माझं नाव सुचवलंय. प्रशिक्षण दोन-तीन दिवसांचं, आणि वर थोडा भत्ता.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर नवऱ्याने पिस्तूल घेतलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्याबरोबर मीही परवाना काढला. नेमबाजीच्या रेंजवर माझा नेम त्याच्यापेक्षा बरा आहे. तो म्हणतो, 'हो' म्हण. "युव्हाल्डीच्या शाळेत गोळीबार झाला, तेव्हा त्या बाईंकडे पिस्तूल असतं तर?" असं विचारतो, आणि मला उत्तर सुचत नाही. इथे कॉलेजात परवानाधारकांना पिस्तूल नेता येतं, तिथे कुठे आभाळ कोसळलं, असंही त्याचं म्हणणं. सांगलीला आईला सांगितलं तर ती रडायला लागली. म्हणाली, सगळं सोडून परत या.

शाळा खरंच छान आहे. माझ्या वर्गाचं दार जोरात ओढल्याशिवाय कुलूप लागत नाही, एवढी एक गोष्ट सोडली तर तक्रार नाही. घरी पिस्तूल पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये असतं. मुलगा अकरा वर्षांचा आहे, समजूतदार आहे, आणि ते कुठे असतं हे त्याला ठाऊक नाही.

शुक्रवारी उत्तर द्यायचंय. 'नाही' म्हटलं तर मुलांना वाऱ्यावर सोडल्यासारखं होईल का?

— एक शिक्षिका

उत्तर:

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला काकू म्हणालीस, तेव्हा मीही तुला 'तू'च म्हणते. शुक्रवार जवळ आलाय, म्हणून उत्तर आधी सांगते आणि कारणं मागाहून. प्रिन्सिपलबाईंना 'नाही' म्हण. लेखी म्हण, आणि मनात कसलीही बोच न ठेवता म्हण.

आता नवऱ्याचा प्रश्न. तो वाईट हेतूने विचारत नाहीये. रोज सकाळी बायको ज्या इमारतीत जाते, तिच्याबद्दलची भीती आहे ती. त्याला सरळ उत्तर मिळायला हवं.

२४ मे २०२२ ला युव्हाल्डीच्या रॉब प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. मारेकरी अठरा वर्षांचा होता, त्याच शाळेत चौथीत शिकलेला. नवरा विचारतो, बाईंकडे पिस्तूल असतं तर? मी त्याला विचारीन, त्या दिवशी पिस्तूल नव्हतं कुणाकडे? काही मिनिटांत पोलीस आत पोचले होते, अंगात चिलखती जॅकेट, हातात शस्त्र. दारातून रायफलच्या गोळ्या आल्या आणि ते मागे सरले. मग एकेक करत वेगवेगळ्या खात्यांचे ३७६ जण जमले, आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. गेलेल्या दोघींपैकी एकीचा नवरा शाळेच्याच पोलीस दलात होता. तो तिथे होता, सशस्त्र होता. बायको आत जखमी आहे हे त्याला कळलं होतं, आणि त्याला आत जाऊ दिलं नाही. हे लिहिताना माझा हात थांबतो. त्या नवऱ्याकडे काय कमी होतं, ते तुझ्या नवऱ्याला विचार.

पिस्तूल कधीच उपयोगी पडलं नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. १९९७ मध्ये मिसिसिपीतल्या पर्ल गावी शाळेचे उपमुख्याध्यापक जोएल मायरिक यांनी आपल्या ट्रकमधलं पिस्तूल आणून, गोळीबार करून गाडीने निघालेल्या मुलाला रोखून धरलं होतं. ते लष्कराच्या राखीव दलातले होते. तोवर दोन विद्यार्थिनी गेल्या होत्या, पण पुढे आणखी काही घडलं असतं ते टळलं. या बाजूने बोलणारे गेली पंचवीस-तीस वर्षं पर्लचं उदाहरण देतात, आणि त्यांनी ते द्यावं. मी एवढंच पाहते की ते पिस्तूल मुलांच्या घोळक्यात कमरेला नव्हतं, बाहेर ट्रकमध्ये होतं.

मिनेसोटातल्या काही संशोधकांनी १९८० ते २०१९ या काळातल्या शाळांमधल्या गोळीबाराच्या १३३ घटना तपासल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. जिथे सशस्त्र रखवालदार हजर होता तिथे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. उलट इतर बाबी जमेस धरूनही ते पावणेतीन पटींच्या वर निघाले. रखवालदारामुळे माणसं मेली असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण शाळेत बंदूक असली की मारेकरी बिचकतो, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही. यातले पुष्कळ जण स्वतः मरायच्या तयारीनेच येतात, त्यांना कुणाच्या कमरेला काय आहे याची कसली भीती?

आता नेमाबद्दल. रेंजवर तुझा नेम चांगला आहे, याचा मला आनंदच आहे. पण रेंजवर कागद गोळ्या झाडत नाही, आणि तुझ्या नि कागदाच्या मधून सात वर्षांची मुलं किंचाळत धावत नाहीत. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातल्या चकमकींचा हिशेब रँड या संशोधन संस्थेने मांडला होता. समोरूनही गोळ्या येत असताना शंभरातल्या अठरा गोळ्या लागल्या. हे नोकरी म्हणून शस्त्र चालवणारे लोक, दरवर्षी सराव करणारे. उरलेल्या ब्याऐंशी गोळ्या कुठेतरी गेल्याच ना? तुझ्या वर्गात त्या कुठे जातील, याचा विचार तू पत्रात केलेला नाहीस. तो बोर्डानेही केलेला नसावा असं मला वाटतं.

पण हे सगळं त्या एका दिवसाबद्दल झालं, जो तुझ्या आयुष्यात बहुधा कधीच येणार नाही. मला जास्त काळजी बाकीच्या दिवसांची आहे.

टेक्ससच्या कायद्यात शाळेचं वर्ष मिनिटांत मोजतात, ७५,६०० मिनिटं. म्हणजे १,२६० तास. तेवढा सगळा वेळ ते पिस्तूल भरलेलं, तुझ्या अंगावर, बावीस मुलांच्या मधोमध असणार. मी सव्वीस वर्षं कुडाळच्या बाजूला प्राथमिक शाळेत शिकवलं आणि आता ह्यूस्टनमध्ये मुलीकडे राहून दर रविवारी मराठी शाळेत पहिली-दुसरीची पोरं सांभाळते. या वयाची मुलं बाईंच्या कमरेशी जगतात. सकाळी आल्याआल्या मिठी मारतात, ती कमरेला. बुटाची नाडी बांधायला तू खाली वाकतेस, तेव्हा एक जण पाठीवर रेलतो. गालिच्यावर गोष्ट सांगायला बसलीस की एकीचं डोकं मांडीवर असतं आणि दुसरी तुझ्या कुर्त्याची किनार बोटाला गुंडाळत बसते. गेल्या रविवारी आमच्या वर्गातल्या एका मुलीने माझ्या कमरेची किल्ली चाचपून विचारलं, "आजी, हे टोचतंय ते काय आहे?" किल्ली होती म्हणून दाखवली. तू काय दाखवशील?

मग तू काय करशील तेही मला दिसतंय. मिठीला आलेल्या मुलाला खांद्याला धरून हलकेच दूर ठेवशील. खाली वाकताना हात आपसूक बाजूला जाईल. दोन मुलांची मारामारी सोडवायला मध्ये पडायच्या आधी क्षणभर थांबशील. चिडलेलं, लाथा झाडणारं मूल कवेत घेऊन शांत करणं हे तुझं रोजचं काम, ते तू टाळायला लागशील. मुलांना कारण कळणार नाही, पण बाई आता जवळ घेत नाहीत हे कळेल.

आणि एक गोष्ट बायकांनी बायकांना सांगायची आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. शाळेच्या संडासात ते पिस्तूल कुठे ठेवशील? दिवसातून दोनदा पट्टा सोडावा लागेल, तोही दोन तासिकांच्या मधल्या चार मिनिटांत, बाहेर मुलं रांगेत ताटकळत असताना. टेक्ससमधल्याच रायझिंग स्टार या गावी शाळेच्या प्रमुखाचं पिस्तूल स्वच्छतागृहात विसरलं होतं आणि ते तिसरीतल्या एका मुलाला सापडलं. ही गोष्ट २०२३ च्या जानेवारीत बाहेर आली. युटामध्ये परवानाधारकाला शाळेत लपवून पिस्तूल नेता येतं. तिथे २०१४ मध्ये एका प्राथमिक शिक्षिकेच्या हातून शाळेच्या संडासात गोळी सुटली, भांडं फुटलं आणि तुकडे तिच्याच पायात घुसले. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सीसाइडला, राखीव पोलीस असलेल्या एका शिक्षकाच्या पिस्तुलातून भर वर्गात छताला गोळी लागली. तो तेव्हा बंदुकीच्या सुरक्षिततेचाच धडा देत होता. ही माणसं बेफिकीर होती असं मला वाटत नाही. वर्षाला १,२६० तास कुणीही एकाच वस्तूवर लक्ष ठेवू शकत नाही. आणि तुला तर त्या तासांत वजाबाकी शिकवायची आहे.

कॉलेजच्या मुद्द्यावर मी लांबण लावत नाही. टेक्ससमध्ये १ ऑगस्ट २०१६ पासून विद्यापीठांत परवानाधारकांना लपवून पिस्तूल नेता येतं हे खरं. ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या मनोऱ्यावरून झालेल्या गोळीबाराला बरोबर पन्नास वर्षं झाली तो दिवस. पण तिथली मुलं मोठी असतात, आणि ती प्राध्यापकांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपत नाहीत. ते बरं की वाईट, यावर माझं वेगळं मत आहे. तुझ्या प्रश्नाला ते लागू पडत नाही.

पोलीस येतील तेव्हाचंही सांगते. २०२१ च्या जूनमध्ये कोलोरॅडोत अर्वाडा इथे जॉनी हर्ली नावाच्या माणसाने आपल्या जवळच्या पिस्तुलाने एका मारेकऱ्याला पाडलं. मारेकऱ्याने नुकताच एका पोलिसाचा जीव घेतला होता. हर्लीने मारेकऱ्याची रायफल उचलून हातात घेतली आणि तेवढ्यात आलेल्या पोलिसाने त्यालाच गोळी घातली. तो गेला. तू साध्या कपड्यांत, हातात पिस्तूल, आपल्या रंगाची. धावत आलेल्या त्या अनोळखी तरुण पोलिसाला तू कोण आहेस हे कसं कळणार? तुझं नाव तर गुप्त ठेवलेलं आहे, तुझ्या शेजारच्या वर्गातल्या बाईंनाही ते ठाऊक नसेल.

आता प्रिन्सिपलबाईंकडे येते, कारण त्याही खलनायिका नाहीत. युव्हाल्डीनंतर २०२३ मध्ये टेक्ससने कायदा केला की १ सप्टेंबरपासून प्रत्येक सार्वजनिक शाळेत एक सशस्त्र अधिकारी हवाच. त्यासाठी तेव्हा पैसे दिले शाळेमागे वर्षाला १५,००० डॉलर आणि मुलामागे १० डॉलर. एका पोलिसाचा वर्षाचा पगार त्यातून निघत नव्हता, हे राजधानी ऑस्टिनला बसलेल्यांना दिसत नव्हतं असं मी मानत नाही. मोठ्या शहरांतल्या डिस्ट्रिक्टनी इकडचे तिकडचे पैसे जमवले. लहान गावांना कायद्यातच पळवाट ठेवली होती, की परवडत नसेल तर कर्मचाऱ्यालाच शस्त्र द्या. म्हणजे राज्याने आपलं काम बोर्डावर ढकललं, बोर्डाने प्रिन्सिपलवर, आणि प्रिन्सिपलबाईंनी दार लावून तुझ्यावर. गार्डियनची कल्पना मुळात २००७ मध्ये हॅरल्ड नावाच्या अगदी छोट्या डिस्ट्रिक्टमधून निघाली, जिथून पोलीस ठाणं फार लांब होतं. तिथल्या लोकांची अडचण मी समजू शकते. तुमच्या गावात शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस प्रमुख, किती मिनिटांत पोचतो, हे बोर्डाला विचार. राज्याचा दुसरा मार्ग आहे 'मार्शल' नेमण्याचा. तोही शाळेचा सशस्त्र कर्मचारीच, पण त्याला ८० तासांचं प्रशिक्षण लागतं. तुला दोन-तीन दिवसांत तयार करणार आहेत, यातच त्यांची घाई दिसते.

"शांत डोक्याची" म्हणून तुला निवडलं, हे वाचून मला अँटोनेट टफ आठवल्या. जॉर्जियात अटलांटाजवळ डिकेटरच्या एका प्राथमिक शाळेत त्या हिशेब सांभाळत. २० ऑगस्ट २०१३ ला वीस वर्षांचा एक मुलगा रायफल आणि सुमारे पाचशे गोळ्या घेऊन ऑफिसात शिरला. त्याने पोलिसांच्या दिशेने गोळ्याही झाडल्या. टफ आपत्कालीन फोन कानाला लावून त्याच्याशी बोलत राहिल्या. नवरा सोडून गेला तेव्हा आपल्यालाही जगणं नकोसं झालं होतं, आपला मुलगा अपंग आहे, तरी आता आपण उभ्या आहोत, हे त्यांनी त्याला सांगितलं. त्याने शस्त्र खाली ठेवलं, जमिनीवर पालथा पडला, आणि त्या दिवशी शाळेत कुणालाही इजा झाली नाही. प्रत्येक मारेकरी असा ऐकेल असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. पण टफ यांच्या हातात पिस्तूल असतं, तर त्या दोघांमधलं ते बोलणं झालंच नसतं. तुझ्या ज्या गुणावर प्रिन्सिपलबाईंची नजर गेली, त्याला काडतूस लागत नाही.

आता त्या दोन ओळींकडे येते, ज्या तू जाता जाता लिहून गेलीस आणि ज्यांनी माझी झोप घालवली.

पहिली ओळ दाराची. तीन पानी पत्रात पिस्तूल सगळीकडे आहे आणि दार एका वाक्यात. युव्हाल्डीच्या १११ नंबरच्या वर्गाचं कुलूप नीट लागत नव्हतं. शाळेतल्या बऱ्याच जणांना ते ठाऊक होतं, आणि ते दुरुस्त करून घ्यायची नोंद कुणी केली नव्हती. मारेकरी बाहेरच्या ज्या दारातून आत आला, तेही कुलूपबंद झालं नव्हतं. टेक्ससच्या विधानसभेच्या चौकशी समितीच्या अहवालात हे छापलेलं आहे, नवऱ्याला वाचायला दे. त्यानंतर राज्याच्या शिक्षण खात्याने बाहेरच्या दारांची दर आठवड्याला तपासणी सक्तीची केली. तुझ्या दाराला काय झालंय? पट्टी झिजली असेल, चौकट फुगली असेल, कोयंडा बसत नसेल. दुरुस्तीवाल्याचं एका सकाळचं काम. ते जोरात ओढायला लागणारे दोन सेकंद तुला उद्याच्या उद्या मिळू शकतात, कुणाचा परवाना न लागता.

दार लागलेलं असलं की मुलं त्याच्यामागे असतात. हल्लेखोर आला तर काय करायचं, त्या लॉकडाउनच्या सरावात तू दिवे घालवतेस, मुलांना कोपऱ्यात भिंतीशी बसवतेस, आणि सगळी जण श्वास धरतात. त्यातलं कोण हुंदका देणार, कुणाला शू लागणार, कुणाचा हात धरावा लागणार, हे तुला पाठ असेल. ते काम कुणी करायचं, तू पिस्तूल काढून दाराच्या दिशेने गेलीस तर? बावीस मुलांना 'वाऱ्यावर सोडणं' म्हणतात ते हे.

दुसरी ओळ ड्रॉवरची. इथे मी तुला रागावणार आहे.

सावंतवाडीजवळच्या आमच्या घरी वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बंदूक होती. रानडुकरं रात्रीत भात लोळवून जायची. निवडणूक जाहीर झाली की वडील ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायचे, आणि निकालानंतर परत घेऊन यायचे. घरात शिस्त अशी, की बंदूक माजघराच्या भिंतीवर, काडतुसं आजीच्या ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली आजीच्या कनवटीला. आम्हा मुलांना यातलं काही माहीत नाही अशी सगळ्यांची खात्री होती. मी नऊ वर्षांची, भाऊ बारा वर्षांचा. आजी दुपारी कोणत्या कुशीवर झोपली की किल्ली सैल होते, हे आम्हाला ठाऊक होतं. ट्रंकेचं कुलूप आवाज न करता कसं फिरवायचं ते ठाऊक होतं. काडतुसं सात होती. मी मोजली होती. लाल पुठ्ठ्याची, खाली पितळेचं बूड. एकाचं बूड मी अंगठ्याने घासून चकचकीत करून परत ठेवलं होतं. भावाने त्या दुपारी भिंतीवरची बंदूक खाली काढली नाही याचं कारण एवढंच, की अंगणात कुणीतरी हाक मारली. वडील गेले तोवर त्यांचा समज कायम होता.

तुझा अकरा वर्षांचा मुलगा समजूतदार आहे. आम्हीही होतो. ते कुठे असतं हे त्याला ठाऊक आहे, यावर मी पैज लावीन.

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ या काळातल्या शाळांवरच्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास केला. ज्यांनी बंदूक वापरली, त्यांच्यापैकी तीन-चतुर्थांश मुलांना ती आई-वडिलांच्या नाहीतर जवळच्या नातेवाइकांच्या घरातून मिळाली होती. मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या हायस्कुलात २०२१ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल बापाने चारच दिवसांपूर्वी घेतलेलं होतं. २०२४ मध्ये आई आणि बाप दोघांनाही १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजला २०२३ च्या जानेवारीत आईचं पिस्तूल दप्तरात घालून आणणारा आणि वर्गात बाईंवर गोळी झाडणारा मुलगा सहा वर्षांचा होता, तुझ्या वर्गातल्या मुलांहून लहान. २०२० पासून या देशात १ ते १९ या वयातल्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे, अपघातातली मोटार त्याच्या मागे गेली. आणि त्यातले फार थोडे मृत्यू शाळेत होतात. बरेचसे घरात आणि रस्त्यावर होतात, आत्महत्याही त्यात पुष्कळ.

म्हणून शाळेतल्या बंदुकीबद्दल काय करू, असं विचारतेस तेव्हा माझी नजर तुझ्या पलंगाशेजारी जाते. आज रात्री नवऱ्याशी बोल. पिस्तूल रिकामं करून छोट्या तिजोरीत, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि आकडा मुलाची जन्मतारीख नको. तिजोरी येईपर्यंत केबल लॉक, म्हणजे पिस्तुलातून ओवायचं तारेचं कुलूप, लाव, बऱ्याच पोलीस ठाण्यांत ते फुकट देतात. टेक्ससमध्ये निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं पिस्तूल सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर ठेवणाऱ्यावर गुन्हा येतो, हेही नवऱ्याला माहीत असू दे. मग मुलाला जवळ बसवून विचार. धाक दाखवू नकोस, नुसतं विचार. मित्राच्या घरी खेळायला जातो तिथे काय ठेवलेलं असतं, तेही त्या घरच्यांना विचारायची लाज वाटून घेऊ नकोस. इथल्या आयांना त्या प्रश्नाची सवय आहे.

आईला फोन कर आणि मी शस्त्र घेणार नाही एवढं आधी सांग, बाकीचं नंतर. परत या म्हणण्यामागे तिची भीती आहे, तिच्याशी वाद घालू नकोस.

शुक्रवारी जाताना हातात दोन कागद ने. एकावर नकार, चार ओळींचा, कारणं न देता. मुलांची जबाबदारी मी शिक्षिका म्हणून घेतली आहे आणि ती तशीच पार पाडू इच्छिते, एवढं पुरे. अपराधी वाटलं तर हे लक्षात ठेव, की रँडने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५४ टक्के शिक्षकांनी शिक्षकांकडे बंदुका दिल्याने शाळा जास्त असुरक्षित होतील असं सांगितलं होतं, आणि जास्त सुरक्षित होतील म्हणणारे २० टक्के होते. दुसऱ्या कागदावर दाराची तक्रार, तारीख आणि वर्गाचा नंबर घालून, एक प्रत स्वतःजवळ. त्याच कागदावर विचार, की रक्तस्राव थांबवायची पेटी आपल्या इमारतीत नेमकी कुठे आहे आणि ती वापरायचं शिकवणार कधी. २०१९ च्या कायद्याने ती प्रत्येक सार्वजनिक शाळेत असायलाच हवी. पट्टा आवळून रक्त थांबवायला तू दुपारभरात शिकशील, आणि मैदानावर पडून हात कापला गेलेल्या मुलालाही ते उपयोगी पडेल. बोर्डाच्या पुढच्या सभेत बोलायची इच्छा असली तर नाव नोंदव. तिथे साधारण तीन मिनिटं मिळतात. राज्याकडून मिळणारे पैसे आणि पोलिसाचा पगार यांचा हिशेब मोठ्याने वाचून दाखव, आणि उरलेल्या पैशांची मागणी कुणाकडे करायची हे त्यांनाच विचार. तुमच्या गावातले बंदूक बाळगणारे शेतकरीसुद्धा त्या मुद्द्यावर तुझ्या बाजूने उभे राहतील असं मला वाटतं. आपल्या नातवंडांच्या बाईंना दोन दिवसांत पोलीस करायचं, हे त्यांना पटण्यासारखं नाही.

पुढच्या सोमवारी दार न ओढता लागतं का ते कळव. आणि ड्रॉवरबद्दल मुलगा काय म्हणाला तेही.

— काकू